अडीच हजार वाचले, पण बिघडल्यावर येणार कोण?

एकाच कंपनीचं, एकाच मॉडेलचं वॉशिंग मशीन एका ठिकाणी २९,९९० रुपयांना दिसतं आणि दुसरीकडे ३२,५०० ला. फोटो तोच, किलो तेवढेच, रंगही तोच. मग अडीच हजार जास्त कशाचे? 'नफा खातोय, दुसरं काय' हे उत्तर लगेच सुचतं आणि बऱ्याचदा ते खरंही असतं. पण कधीकधी त्या अडीच हजारांत माणसं येतात. मशीन जिन्यावरून वर चढवणारी, नळ जोडून देणारी, आठव्या महिन्यात पाणी गळायला लागलं की फोन उचलणारी. कधी मात्र अडीच हजार जास्त मोजूनही यातलं काहीच मिळत नाही. पंचाईत होते ती इथे. किंमत आधी कळते, सेवा कशी आहे ते पैसे देऊन झाल्यावर कळतं.

इंटरनेट नवीन होतं तेव्हा, १९९० च्या दशकाच्या अखेरीस, बऱ्याच अर्थतज्ज्ञांचा होरा असा होता की आता सगळ्या दुकानांचे भाव क्षणात ताडून पाहता येतील, महाग विकणारा टिकणारच नाही आणि सगळीकडे एकच भाव होईल. एरिक ब्रिनयॉल्फसन आणि मायकेल स्मिथ या दोघांनी अमेरिकेत पुस्तकं आणि सीडींचे भाव प्रत्यक्ष गोळा केले. २००० साली छापून आलेल्या त्यांच्या अभ्यासात ऑनलाइन भाव साध्या दुकानांपेक्षा ९ ते १६ टक्के कमी निघाले खरे, पण ऑनलाइन दुकानांची आपापसातली तफावत काही मिटलेली नव्हती. त्यांच्याच पुढच्या अभ्यासात दिसलं, की भाव ताडून दाखवणाऱ्या संकेतस्थळावर आलेले लोकही सगळ्यांत स्वस्त दुकान डोळे झाकून निवडत नव्हते. ओळखीच्या नावाला चार पैसे जास्त देत होते. तेही पुस्तकासाठी, जे कुठूनही घेतलं तरी आतला मजकूर अक्षरन् अक्षर तोच! वस्तू वेळेवर आणि धड हातात पडेल, या भरवशाचे ते पैसे होते.

फिलिप नेल्सन या अर्थतज्ज्ञाने १९७० मध्ये एक साधी विभागणी मांडली होती. वस्तूचे काही गुण घेण्याआधी पाहून कळतात आणि काही वापरल्याशिवाय कळत नाहीत. रंग, आकार, भाव हे पहिल्या प्रकारातले. टिकाऊपणा आणि विक्रीनंतरची सेवा दुसऱ्या. मोबाइलच्या पडद्यावर पहिल्या प्रकारचे गुण मोठ्या ठळक अक्षरांत मावतात, 'भाव : कमी ते जास्त' असं बटण दाबून रांगेत उभे करता येतात. 'सेवा : चांगली ते वाईट' असं बटण अजून कोणी काढलेलं नाही. त्यामुळे आपण जे मोजता येतं तेवढंच मोजतो.

विकतंय नक्की कोण?

'मी अमुक साइटवरून घेतलं' असं आपण म्हणतो तेव्हा व्यवहारात किमान चार वेगवेगळे पक्ष असतात. साइट किंवा अ‍ॅप चालवणारी कंपनी, तिथे माल मांडणारा विक्रेता, वस्तू बनवणारी कंपनी आणि त्या कंपनीने दुरुस्तीचं काम ज्याला दिलंय ते सर्व्हिस सेंटर. माल पोचवणारी कुरिअर कंपनी धरली तर पाच. सगळं सुरळीत असतं तोवर हे पाचही जण एकच वाटतात. बिघाड झाला की मात्र टोलवाटोलवी सुरू होते. अ‍ॅप म्हणतं, परत करायची मुदत संपली, कंपनीला फोन करा. कंपनी म्हणते, हा विक्रेता आमच्या अधिकृत यादीत नाही. विक्रेता फोनच उचलत नाही.

ही रचना आपोआप झालेली नाही. परदेशी गुंतवणूक असलेल्या ई-कॉमर्स कंपनीला भारतात स्वतःच्या मालकीचा माल थेट ग्राहकाला विकता येत नाही. तिने फक्त बाजार भरवायचा, गाळे इतरांनी चालवायचे, असा सरकारचा नियम आहे. २६ डिसेंबर २०१८ च्या सरकारी टिपणीने तो आणखी कडक केला आणि १ फेब्रुवारी २०१९ पासून तो लागू झाला. छोट्या दुकानदारांना मोठ्या भांडवलाने गिळू नये, हा त्यामागचा हेतू. ग्राहकाच्या बाजूने त्याचा अर्थ एवढाच, की ज्या नावावर विश्वास ठेवून आपण पैसे भरले, बिलावर ते नाव नसतं.

मग बाजार भरवणाऱ्याची जबाबदारी काहीच नाही का? २०२२ च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने याचं उत्तर प्रेशर कुकरवरून दिलं. घरगुती कुकरवर आयएसआय चिन्ह सक्तीचं करणारा आदेश १ फेब्रुवारी २०२१ पासून लागू होता, तरी ते मानक न पाळणारे कुकर ऑनलाइन विकले जात होते. प्राधिकरणाने अ‍ॅमेझॉन आणि फ्लिपकार्ट या दोघांनाही प्रत्येकी १ लाख रुपये दंड केला. अ‍ॅमेझॉनवरून असे २,२६५ कुकर गेले होते, फ्लिपकार्टवरून ५९८. ते ज्यांनी घेतले त्या सगळ्यांना कळवा, कुकर परत घ्या, पैसे द्या, असंही आदेशात होतं. प्राधिकरणाचा युक्तिवाद सरळ होता. प्रत्येक कुकरच्या विक्रीतून तुम्ही शुल्क कमावलंत, मग बिघाडाची वेळ आली की 'आम्ही फक्त मध्यस्थ' असं म्हणून बाजूला होता येणार नाही. अ‍ॅमेझॉनने या आदेशाला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं. दंडाची रक्कम या कंपन्यांच्या मानाने चिल्लर आहे, हेही खरं. पण कमिशन घेणारा हात झटकू शकत नाही हा मुद्दा त्या निमित्ताने कागदावर आला.

म्हणून वस्तूच्या पानावर किमतीनंतर दुसरी गोष्ट पाहायची ती विक्रेत्याचं नाव. ते बहुतेक वेळा बारीक अक्षरांत, 'कार्टमध्ये टाका'च्या आसपास कुठेतरी असतं. त्यावर दाबलं की विक्रेत्याचं वेगळं रेटिंग दिसतं. वस्तूचे तारे वेगळे आणि विक्रेत्याचे वेगळे, हे कित्येकांना ठाऊकच नसतं. साडेचार तारे मिळालेलं मशीन अडीच ताऱ्यांचा विक्रेताही विकत असतो, आणि बहुधा २९,९९० ला तोच विकत असतो. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे विक्रेत्याचं नाव, पत्ता, ग्राहक सेवा क्रमांक हे सगळं पानावर द्यावंच लागतं. मोठ्या उपकरणांच्या काही कंपन्या आपल्या संकेतस्थळावर अधिकृत ऑनलाइन विक्रेत्यांची यादी देतात. महागडी वस्तू असेल तर ती यादी उघडून नाव ताडून पाहण्याइतका वेळ जरूर काढावा.

अजून एक गंमत. दुकानात पाहून आलेलं मॉडेल ऑनलाइन शोधलं, तर कधीकधी मॉडेल क्रमांकातलं एखादं अक्षर वेगळं निघतं. बऱ्याच कंपन्या ऑनलाइनसाठी वेगळी मॉडेलं काढतात. कुठे एखादी सोय कमी, कुठे ड्रमचा प्रकार वेगळा. अशा वेळी दोन किमतींची तुलनाच फोल ठरते.

खरी किंमत किती?

सेवेकडे वळण्याआधी किंमत तरी नक्की किती ते पाहू, कारण पानावरचा आकडा बऱ्याचदा अर्धवट असतो.

'७० टक्के सूट' ही एमआरपीवरची असते. एमआरपी म्हणजे त्याच्यावर विकायचं नाही अशी मर्यादा, आणि ती कंपनी स्वतःच छापते. ज्या वस्तूची एमआरपी फुगवून छापली आहे तिच्यावर सूटही भरघोस दाखवता येते. म्हणून या सवलतीच्या आकड्याची किंमत माझ्या लेखी शून्य. आज तीच वस्तू चार ठिकाणी कितीला मिळते, तेवढंच पाहावं.

मग 'नो कॉस्ट ईएमआय'. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना शून्य टक्के व्याजाच्या योजनांबद्दल बजावलं होतं, त्यामुळे आजच्या योजनेत व्याज असतंच, फक्त तेवढी सूट आधी देऊन ते झाकलेलं असतं. समजा ३०,००० ची वस्तू सहा हप्त्यांत, महिन्याला ५,००० देऊन घेतली आणि बँकेचा दर १६ टक्के आहे. बँक कर्ज धरते साधारण २८,६५० रुपयांचं आणि त्यावर व्याज होतं १,३५० च्या आसपास. व्याजाइतकी सूट मिळाली, फिटंफाट झाली. पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे २४३ रुपये, तो तुमच्या खिशातून. प्रक्रिया शुल्क १९९ असेल तर करासह २३५. एकूण पावणेपाचशेच्या वर गेले. रक्कम मोठी नाही, पण ज्या दोन विक्रेत्यांमध्ये फरकच सहाशेचा आहे तिथे एवढ्याने पारडं फिरतं. शिवाय वस्तू परत केली तर हे प्रक्रिया शुल्क सहसा परत मिळत नाही.

उपकरण असेल तर जोडणीचा खर्च वेगळा. एसी हे त्याचं ठळक उदाहरण. पानावर 'मोफत इन्स्टॉलेशन' असेलही, पण बाहेरच्या युनिटचा स्टँड, जास्तीची तांब्याची नळी, भिंतीला भोक पाडणं, पाणी जायचा पाइप, स्टॅबिलायझर यांचे पैसे माणूस घरी आल्यावर मोजावे लागतात. सोबत येणारी नळी बहुधा ३ मीटरची असते. गच्चीवर युनिट बसवायचं तर पुढच्या प्रत्येक फुटाचा दर वेगळा. गल्लीतल्या दुकानात हे सगळं धरून घासाघीस होते. ऑनलाइन खरेदीत, मशीन घरात येऊन पडल्यावर, घासाघीस करायची ताकद तुमच्या हातात उरलेली नसते.

झाविए गबे आणि डेव्हिड लेबसन या दोन अर्थतज्ज्ञांनी २००६ मध्ये या प्रकाराचा अभ्यास केला. प्रिंटर स्वस्त आणि शाई महाग, हे त्यातलं गाजलेलं उदाहरण. स्पर्धा असूनही कंपन्या मागचा खर्च का झाकतात? कारण एखादी कंपनी प्रामाणिकपणे 'त्यांची शाई महाग पडते बरं का' असं समजावून सांगते, तेव्हा शहाणा झालेला ग्राहक तिच्याकडे येत नाही. तो त्या स्वस्त प्रिंटरवालीकडेच जातो आणि शाईची सोय दुसरीकडून बघतो. समजावणाऱ्याच्या हाती काहीच पडत नाही, म्हणून कोणीच समजावत नाही.

भारतात आता यावर थोडा लगाम आहे. शेवटच्या पायरीवर नवी शुल्कं चिकटवणं, न विचारता टोपलीत विमा किंवा देणगी सरकवणं, 'फक्त २ शिल्लक' अशी खोटी घाई करणं अशा १३ क्लृप्त्यांना ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी बंदी घातली. बंदी आहे म्हणून प्रकार थांबले असं मात्र समजू नये. पैसे भरायच्या पानावर एकदा सगळ्या ओळी वरपासून खालपर्यंत वाचाव्यात. 'हँडलिंग', 'प्लॅटफॉर्म', 'प्रोटेक्ट' अशा नावांच्या ओळी तिथेच दडलेल्या असतात.

वॉरंटी वाचायची कशी

सेवा म्हणून आपण जे विकत घेतो त्याचा कणा वॉरंटी. आणि सगळ्यांत जास्त गैरसमजही तिच्याबद्दलच.

'मोटरवर १० वर्षांची वॉरंटी' हे वाक्य घ्या. त्याचा अर्थ १० वर्षं मशीनची काळजी नाही, असा होत नाही. पूर्ण मशीनची वॉरंटी बहुतेक वेळा एक-दोन वर्षांचीच असते. त्यानंतर मोटर जळाली तर मोटर फुकट, पण ती बदलणाऱ्या माणसाची मजुरी, येण्याजाण्याचं शुल्क आणि बाकीचे भाग तुमच्याकडून. एसीच्या कॉम्प्रेसरचंही तेच. कॉम्प्रेसर फुकट मिळतो, गॅस भरायचे पैसे द्यावे लागू शकतात. आणि आजच्या इन्व्हर्टर उपकरणांत मोटरपेक्षा जास्त वेळा दगा देतो तो सर्किट बोर्ड, ज्याला कारागीर पीसीबी म्हणतात. म्हणून वॉरंटीचा तक्ता वाचताना मोटरच्या वर्षांना भुलू नये, पीसीबीपुढे किती वर्षं लिहिली आहेत ते पाहावं. माझ्या मते दोन सारख्या मशीनमध्ये निवड करायची तर हा एकच रकाना पुरेसा आहे.

त्यानंतर 'यात धरलेलं नाही' असा भाग येतो. विजेचा दाब कमीजास्त होऊन झालेलं नुकसान, उंदीर, पाल, झुरळं, मुंग्या यांनी केलेलं नुकसान, रबराचे आणि प्लॅस्टिकचे भाग. ज्याचं घर कोकणात आहे आणि पावसाळ्यात दिवसातून चारदा वीज जाते, त्याच्या मशीनला नेमकं यापैकीच काहीतरी व्हायचं असतं. बोअरच्या जड पाण्यामुळे हीटरवर बसलेला क्षारही बऱ्याच कंपन्या आपल्या अंगावर घेत नाहीत.

तिसरी गोष्ट, माणूस घरी येणार की वस्तू आपण घेऊन जायची? 'ऑन-साइट' म्हणजे घरी येऊन आणि 'कॅरी-इन' म्हणजे आपण न्यायची. लॅपटॉपच्या बाबतीत हा फरक दोन-तीन हजारांचा सहज असतो आणि किंमत ताडताना तो हमखास निसटतो. समजा तुम्ही सिंधुदुर्गातल्या दोडामार्गला राहता आणि त्या कंपनीचं जवळचं सेंटर गोव्यात म्हापशाला आहे. कॅरी-इन वॉरंटीचा लॅपटॉप एकदा द्यायला आणि एकदा आणायला जायचं, म्हणजे कामाचे दोन दिवस गेलेच.

यावर सगळ्यांत खात्रीचा उपाय फुकट आहे. घेण्याआधी कंपनीच्या टोल-फ्री क्रमांकावर फोन करायचा, पिनकोड सांगायचा आणि विचारायचं, 'इथे तुमचा माणूस येतो का, आणि तक्रार नोंदवल्यावर किती दिवसांत?' फोन लागायला किती वेळ लागला हीसुद्धा माहितीच. दुसरा फोन, किंवा चार पावलं, गल्लीतल्या रिपेअरवाल्याकडे. कुठल्या कंपनीचे पार्ट बाजारात सहज मिळतात आणि कुठल्या कंपनीचं नाव काढल्यावर तो कपाळाला हात लावतो, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं.

वाढीव वॉरंटीबद्दल थोडक्यात. ती बऱ्याचदा वस्तूच्या कंपनीची नसते, तिसऱ्याच कंपनीचा तो करार असतो. सरासरीने पाहिलं तर ती विकणाऱ्याच्या फायद्याची असते, नाहीतर त्याने ती विकलीच नसती. मोठ्या टीव्हीचा पॅनल गेला तर दुरुस्ती जवळपास नव्या टीव्हीइतकी पडते, तिथे घेण्यात अर्थ आहे. मिक्सरवर वाढीव वॉरंटी घेणं म्हणजे पैसे उधळणं.

परत करणं : रिटर्न आणि रिप्लेसमेंट

'७ दिवस रिटर्न' आणि '७ दिवस रिप्लेसमेंट' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात पैसे परत मिळतात. दुसऱ्यात तीच वस्तू पुन्हा येते, तीही कंपनीचा माणूस येऊन 'बिघाड आहे' असं लिहून देईल तेव्हा. 'सर्व्हिस सेंटर रिप्लेसमेंट' लिहिलं असेल तर तो दाखला आणायची खटपटही तुमच्याच गळ्यात पडते.

पण विक्रेत्याच्या धोरणात काहीही लिहिलेलं असलं, तरी २०२० च्या नियमांप्रमाणे सदोष, नकली, वर्णनाशी न जुळणारी किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर आलेली वस्तू परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. (पूर, संचारबंदी अशा हाताबाहेरच्या कारणाने उशीर झाला असेल तर गोष्ट वेगळी.) 'आवडली नाही' एवढंच कारण असेल तर मात्र विक्रेत्याचं धोरण चालतं.

महागड्या वस्तूला 'ओपन बॉक्स डिलिव्हरी' मिळत असेल तर घ्यावी. खोकं उघडून, वस्तू पाहून मगच ओटीपी सांगायचा. कुरिअरवाल्याला घाई असते. असू द्यावी.

हिशोब मांडून पाहू

आता पुन्हा ते अडीच हजार. सेवेची किंमत रुपयांत मांडायची एक सोपी रीत आहे. बिघाड व्हायची शक्यता किती, आणि झाला तर चांगल्या सेवेमुळे आपले किती वाचतील? दोन्हींचा गुणाकार करायचा. पुढचे आकडे मी उदाहरणापुरते धरले आहेत, तुमचे तुम्ही घाला.

तुम्ही पुण्यात राहता. पहिल्या दोन वर्षांत मशीन बिघडण्याची शक्यता १०० पैकी १५ धरू. स्वस्त विक्रेत्याकडून घेतलं आणि बिघडलं तर रजा, बाहेर धुवायला टाकलेले कपडे, खाजगी मेकॅनिक मिळून ५,००० जातील. महाग विक्रेत्याकडून घेतलं तर १,५००. फरक ३,५००. त्याचे १५ टक्के म्हणजे ५२५. याचा अर्थ, त्या सेवेसाठी तुम्ही सव्वापाचशेच्या आसपास जास्त द्यावेत, २,५१० नाही. स्वस्तातलं घ्या आणि मोकळे व्हा.

आता तेच मशीन दोडामार्गात. विजेचा खेळखंडोबा, म्हणून शक्यता १०० पैकी ३० धरू. स्वस्त विक्रेता अधिकृत नाही, कंपनीने हात वर केले, बोर्ड पदरमोड करून आणावा लागला आणि महिनाभर मशीन बंद पडून राहिलं, तर १५,०००. तालुक्याच्या ओळखीच्या दुकानातून घेतलं तर दुकानदार कंपनीच्या मागे लागतो, तुमचे ३,००० जातात. फरक १२,०००, त्याचे ३० टक्के ३,६००. इथे २,५१० जास्त देणं शहाणपणाचं.

वस्तू तीच, किमती त्याच, उत्तरं उलट. 'ऑनलाइन घ्यावं की दुकानातून' या प्रश्नाला सगळ्यांसाठी एक उत्तर असूच शकत नाही ते यामुळे. आणि गुणाकारात न मावणारंही काही असतं. घरात तान्हं मूल असेल तर आठ दिवस मशीन बंद असण्याचा त्रास रुपयांत कसा मांडायचा? ज्याच्या हातात महिनाअखेरीला पाच हजारही शिल्लक नसतात, त्याच्यासाठी सरासरी काय कामाची? त्याने थोडं जास्त देऊन निश्चिंती घेतली तर ते बरोबरच आहे.

एक परिस्थिती तर हल्ली घरोघरी दिसते. मुलगा पुण्याला नाहीतर न्यू जर्सीला, आईवडील रत्नागिरीजवळच्या गावात. फ्रीज मुलगा ऑनलाइन मागवतो. पैसे त्याचे, खातं त्याचं, मोबाइल क्रमांकही त्याचाच. बिघाड झाला की कंपनीचा माणूस गावात फ्रीजसमोर उभा असतो आणि ओटीपी जातो समुद्रापार, जिथे रात्रीचे दोन वाजलेले असतात. अशा खरेदीत किंमत पाहणारा एक आणि सेवा भोगणारा दुसरा, म्हणून हिशोब हमखास चुकतो. मागवताना डिलिव्हरीसाठी आणि वॉरंटी नोंदवताना आईवडिलांचा क्रमांक द्यावा. आणि काम झाल्यावर तक्रार बंद करायला कारागीर जो कोड मागतो, ज्याला 'हॅपी कोड' म्हणतात, तो मशीन चालू झालेलं पाहिल्याशिवाय द्यायचा नाही हे त्यांना आधीच सांगून ठेवावं. कोड दिला की कंपनीच्या नोंदीत तुम्ही समाधानी ग्राहक.

ज्या वस्तू बिघडल्या तरी कोणी दुरुस्त करत नाही, किंवा ज्यांत बिघडण्यासारखं काही नाही, तिथे मात्र सेवेचा विचार करण्यात वेळ घालवू नये. पुस्तकं, वह्या, स्टीलचे डबे, मोबाइलचं कव्हर, चादरी. भाव पाहा, परत करता येते का ते पाहा, घ्या. विजेवर चालणाऱ्या किंवा आगीवर ठेवायच्या वस्तूला आयएसआय चिन्ह आहे का, एवढं मात्र जरूर तपासा.

तारे आणि अभिप्राय

बहुतेक अभिप्राय वस्तू आल्यावर पहिल्या आठवड्यात लिहिले जातात. 'छान पॅकिंग, वेळेवर आली, पाच तारे.' सेवेची परीक्षा दुसऱ्या वर्षी होते, तेव्हा अभिप्राय लिहायला सहसा चिडलेलाच माणूस परत येतो. म्हणून ताऱ्यांची सरासरी सेवेबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. सर्वांत नवे अभिप्राय आधी लावावेत, आणि शोधाच्या चौकटीत 'सर्व्हिस', 'टेक्निशियन', 'मंथ्स' असे शब्द टाकून पाहावं. दोन आणि तीन तारे देणारे लोक सहसा सर्वांत कामाचं लिहितात, कारण ते ना भक्त असतात ना संतापलेले. ग्राहक असल्याचं भासवून विक्रेत्याने स्वतःच अभिप्राय लिहिणं नियमात बसत नाही. पण एकाच दिवशी आलेले, एकाच धाटणीचे दहा अभिप्राय दिसले तर काय समजायचं ते समजून घ्यावं.

बिघडलंच तर

पहिली पायरी अ‍ॅपमधली तक्रार. चॅटवरच्या यंत्राशी तास घालवू नये, तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवावं. त्याचं नाव आणि संपर्क पानावर देणं सक्तीचं आहे. नियमाप्रमाणे त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि एक महिन्यात निवारण करायचं. तेवढ्याने काम झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५, मराठीतूनही बोलता येतं. हे न्यायालय नव्हे, ती फक्त कंपनीशी बोलणी करते. पण बऱ्याच कंपन्या तेवढ्यावरही हलतात.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने इथे एक मोठी सोय केली. विक्रेता गुरुग्रामचा असो की सुरतचा, तक्रार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात करता येते. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि 'ई-जागृती' या सरकारी संकेतस्थळावरून घरबसल्या दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची. निकालाला मात्र वेळ लागतो, त्यामुळे तीन हजारांच्या मिक्सरसाठी हा खटाटोप करायचा का, हे ज्याने त्याने ठरवावं.

यातल्या प्रत्येक पायरीवर मागतात ते कागद खरेदीच्या दिवशीच गोळा करणं सोपं असतं. विक्रेत्याच्या नावाचं जीएसटी बिल, खोक्यावरचा आणि वस्तूवरचा अनुक्रमांक जुळतो का याचा फोटो, खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ. आणि वस्तूच्या पानाचा स्क्रीनशॉट, 'ऑन-साइट वॉरंटी' आणि 'मोफत इन्स्टॉलेशन' हे शब्द दिसतील असा. बिलावर ते शब्द नसतात, आणि सहा महिन्यांनी पाहायला गेलात तर पानावरही असतीलच असं नाही.